उजेड मोजणारं कार्ड

तुमच्या तेरवीला तुमचे मित्र गोविंदभाऊ आले होते. तुम्ही त्यांच्याशी चार महिने बोलत नव्हता, तरी आले. धरमपेठेहून नंदनवनपर्यंत स्कूटर चालवत, या वयात. पंगतीत बसले, वरणात मीठ कमी आहे म्हणाले, हात धुतले आणि तुमच्या फोटोकडे न पाहता सरळ आतल्या खोलीत गेले. मी मागून गेले तर ते टेबलाखाली वाकून कॉम्प्युटरची पेटी बघत होते.

"वहिनी, कार्ड आतच आहे का जी अजून?"

"आहेच ना. चालतच नव्हतं, पळून कुठं जाईन थे?"

"चाललं असतं. माह्यं ऐकलं असतं ना यानं, तर चाललं असतं."

एवढं बोलले आणि तिथेच फरशीवर बसून रडले. मी पाणी आणून दिलं. तुम्ही गेल्यावर घरात इतके लोक रडून गेले, पण तुमच्यावर रागावून रडणारे ते एकटेच. मला बरं वाटलं. मीसुद्धा रागावलेलीच होते.

तुमचं भांडण कशावरून झालं हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. दोन म्हातारे ड्रायव्हरवरून भांडले म्हटलं, तर लोक विचारतील कोणत्या गाडीचा. आता लिहितेच आहे तर मला समजलं तसं लिहिते. चुकलं तर तुम्ही हसायचे तसे हसा, तोंडावर हात ठेवून.

गोविंदभाऊ टेलिफोन खात्यातून रिटायर झाले तेव्हा त्यांनी त्यांचा जुना कॉम्प्युटर तुम्हाला दिला आणि त्यावर लिनक्स नावाची सिस्टिम टाकून दिली, कारण दुसरं काही त्या जुन्या मशीनला पेलत नव्हतं. आयुष्यभर तुम्ही चौकटीच्या कागदावर पातळांचे काठ काढले. मग तेच कॉम्प्युटरवर काढू लागलात. मग नुसते काठ पुरेनात. भिंत पाहिजे, खिडकी पाहिजे, खिडकीतून ऊन आलं पाहिजे. असं चित्र काढायचं तर कॉम्प्युटरला उजेडाचा एकेक किरण कुठे आपटतो आणि कुठे वळतो ते मोजावं लागतं. रेंडर म्हणतात त्याला. आपलं मशीन ते मोजता मोजता गरम व्हायचं आणि मध्येच बंद पडायचं. तोपर्यंत पडद्यावर जे आलेलं असायचं ते रवा सांडल्यासारखं, दाणेदार.

मे महिन्यात तर तुम्ही हद्द केली. घरात एक कूलर, आणि त्याचं तोंड कॉम्प्युटरकडे.

"माणसं मरून राहिली गर्मीनं, अन् तुम्ही मशीनले हवा घालता काय जी?"

"त्याचं काम चालू आहे वं. तू तर बसूनच आहेस."

"मी बसून आहे? तुमच्या पोळ्या कोण करून राहिलं मंग?"

तुम्ही कूलर माझ्याकडे फिरवला. मी चुलीशी गेले की परत तिकडे फिरवला. मी पाहिलं होतं.

शेवटी गोविंदभाऊंनी जुनं ग्राफिक्स कार्ड शोधून आणलं. दोन पंखे असलेलं, चपात्यांच्या डब्याएवढं. ते उजेड मोजायचंच काम करतं, आणि झपाट्यानं करतं. पण कार्डाकडून काम करून घ्यायला ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम लागतो. लिनक्समध्ये एक आधीपासून असतो. तो पडदा तेवढा चालू ठेवतो, उजेडाचं काम कार्डाला सांगत नाही. त्यासाठी कार्डाच्या कंपनीचा वेगळा ड्रायव्हर टाकावा लागतो. आणि एका कार्डावर दोन ड्रायव्हर बसत नाहीत. मागावरच्या एका धोट्याला दोघांनी हात घातल्यासारखं होतं.

गोविंदभाऊ पहिल्याच दिवशी म्हणाले, जुना आधी काढा. तुम्ही काढेनात.

ते तुम्हाला अडाणी समजले. अडाणीपणा नव्हता तो. आपल्या विणकरांच्या घरात ताणा, म्हणजे मागावरची उभी सुतं, संपला म्हणून कुणी कधी कापून फेकला नाही. फणीत अडकलेली जुन्या सुतांची टोकं तशीच राहू द्यायची आणि नव्या ताण्याचं एकेक सूत त्या टोकाला पिळून जोडायचं. हजारो सुतं. दोन-दोन दिवस मान वर होत नाही, बोटांची साल निघते. पण जुनं काढून टाकलं तर एकेक सूत फणीतून नव्यानं ओवावं लागतं, आणि त्यात कितीतरी जास्त दिवस जातात. तुमच्या बापानं हेच केलं, आज्यानं हेच केलं. तुम्ही ड्रायव्हरही तसाच टाकत होता, जुन्याच्या वर नवा. आणि दर वेळी कॉम्प्युटर चालू केला की पडदा काळा.

"वामनराव, हे कापड नाही हो! जुना पहिले काढा, मंग नवा टाका."

"जुनं काढत नसते गोविंदभाऊ. जुन्यालेच नवं जोडत असते. काढलं, अन् नवं नाही लागलं, तर मंग? न हे, न थे."

"तर मंग बसा काळा पडदा पाहत!"

चहा अर्धा टाकून गेले. नंतर त्यांचे फोन आले, तुम्ही उचलले नाहीत. मी म्हटलं, "काढून टाका ना जी एकदाचा. कोणाच्या बापाचं काय जाते?" तर तुम्ही मला म्हणालात, "तू पण त्याच्याच बाजूनं?" आणि दोन दिवस माझ्याशीही नीट बोलला नाहीत.

बोलला नाहीत, पण काम थांबलं नाही. तुमच्या डोळ्यात मोतीबिंदू. ऑपरेशन 'या थंडीत करू' म्हणून तीन थंड्या गेल्या. पडद्यावरची बारीक अक्षरं तुम्हाला दिसायची नाहीत, म्हणून मी वाचायची. माझी शाळा चौथीपर्यंत, त्यात इंग्रजी नव्हतंच. एबीसीडी मी सत्तरीत कीबोर्डवर शिकले. शब्द मला येत नव्हता, नुसती अक्षरं यायची. मी एकेक अक्षर सांगायची आणि तुम्ही "हं" म्हणून मोठ्या अक्षरात रजिस्टरमध्ये लिहायचे. तुमचा "हं" आला की मी पुढचं सांगायची.

हे काही नवीन नव्हतं. लग्न ठरवताना तुमच्या आईनं मला याचसाठी पसंत केलं होतं, पोरगी चौथी शिकली आहे, काठाचा नक्शा वाचायला होईल. नक्शा भिंतीला टांगलेला असायचा, मी वाचायची, "दोन उचल, एक सोड. चार उचल, एक सोड." तुम्ही सुतं उचलायचे, धोटा टाकायचे, "हं" म्हणायचे. मग पुढची ओळ. आपलं लग्न म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर मी हेच सांगेन. मी म्हणायची आणि तुम्ही हं म्हणायचे.

आता ते सांगते जे तुमच्यासमोर कधी सांगितलं नाही.

आपला प्रकाश चार वर्षांचा होता. मी चार दिवस उमरेडला माहेरी गेले आणि परत आले तर चुलीसमोरचा माग नव्हता. मागाखालचा पाय सोडायचा खड्डा बुजवून वर सारवलेलं, लाकडं भिंतीला टेकवून ठेवलेली. हातमागाचं कापड कुणी घेत नव्हतं, तुम्हाला काठांचे नक्शे काढायची नोकरी लागली होती, प्रकाशला जागा पाहिजे होती. सगळं खरं होतं. मला विचारलं असतं तर मीही कदाचित हो म्हटलं असतं. पण विचारलं नाही. त्या मागाशी मीसुद्धा बसले होते. तुमच्या एकट्याचा नव्हता तो.

त्याच आठवड्यात जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बाई आली. मी पेटी उघडली आणि लग्नाच्या पहिल्या वर्षी तुम्ही माझ्यासाठी विणलेलं कोशाच्या रेशमाचं पातळ तिला दिलं. लाल करवत काठाचं. दिवसभर बाजारासाठीचं विणकाम करून मग रोज वीतभर असं विणलेलं. त्याचा नक्शा मीच वाचला होता. बदल्यात तिनं स्टीलचा मोठा डबा दिला. पातळ दोन घड्यांवर विरलं होतं, पण विरलं म्हणून मी दिलं नाही. तुम्हाला दुखावं म्हणून दिलं.

संध्याकाळी तुम्ही डबा पाहिला.

"नवा घेतला?"

"हो."

"कशावर?"

"पातळावर."

"कोणत्या?"

मी डबा तुमच्यापुढे सरकवला. तुम्ही झाकण उघडून पाहिलं, परत लावलं. "भारी आहे," म्हणालात आणि पाय धुवायला गेलात. बस्स, इतकंच. त्यानंतर कधी शब्द काढला नाही. त्या डब्यात आजही कणीक आहे. इतकी वर्षं तुम्ही त्यातल्याच कणकेची पोळी खाल्ली.

तुम्ही ओरडला असता तर मी मागाचं बोलले असते. पण तुम्ही ओरडलाच नाहीत. मग मीही बोलले नाही. आणि बघता बघता बोलायची वेळ निघून गेली, प्रकाशचं लग्न झालं, नातवंडं झाली. इतक्या जुन्या गोष्टीला हात लावायला मला लाज वाटू लागली.

मागच्या वर्षी तुम्ही कागदावर आठवून आठवून एक काठ काढलात आणि तो मशीनमध्ये भरायला मला वाचायला बसवलं. तिसऱ्या ओळीला मी तो ओळखला, माझ्या कोशाच्या पातळाचाच. मी थांबले. तुम्ही मान न वळवता वाट पाहत बसलात. मग मी पुढची ओळ म्हटली, कागदाकडे न बघता. मला पाठ होती. तुम्ही "हं" म्हणालात. तुम्हाला कळलं होतं की मला कळलं. तरी आपण दोघं असे बसून राहिलो जसं काही कुणा तिसऱ्याच बाईच्या पातळाचा काठ आहे.

मग मी पाहत राहिले, आता पातळ दिसेल, आता दिसेल. तर पडद्यावर एक करडी गोल वस्तू. दिवसच्या दिवस तीच.

"हे काय जी? पाण्याचं पिंप?"

"थांब ना वं. उजेड पडू दे, मंग सांग."

"अन् काठ कुठं गेला तुमचा? एवढा वाचून घेतला माह्याकून."

"आहे. दिसन."

मी ठरवलं होतं, पातळ दिसलं की त्याच वेळी बोलायचं. चित्र पूर्ण होईल, तुम्ही माझ्याकडे बघाल, आणि मी म्हणेन, मी मुद्दाम दिलं होतं. इतकं वाक्य मी मनात तयार ठेवलं होतं. त्या कार्डाची वाट तुम्ही जितकी पाहिली नसेल तितकी मी पाहिली. आणि तुम्ही तो मेला जुना ड्रायव्हर काढेनात. मग एक दिवस सकाळी दात घासता घासता खाली बसलात, आणि झालं.

प्रकाशनं तेरवीनंतर विचारलं, "आई, कॉम्प्युटर पडूनच आहे. फॉरमॅट मारून दुकानात नेऊ का? बिलं करायले होईन." हुडकेश्वरच्या दुकानात त्याला लागतोच. मी हो म्हटलं. फॉरमॅट म्हणजे आतलं सगळं पुसणार, हे मला गोविंदभाऊंनी फोनवर सांगितलं. मी विचारलं, थे चित्रही? म्हणाले, सगळंच वहिनी. रविवारी प्रकाश येणार होता. मी म्हटलं, मंग तुम्ही शनिवारी या.

शनिवारी आले. तुमची खुर्ची मी त्यांना दिली नाही, प्लास्टिकची दिली. त्यांनाही आता बारीक दिसत नाही. मी वाचत होते, ते टाईप करत होते, मध्येमध्ये स्वतःशीच पुटपुटत होते. पण ते "हं" म्हणत नाहीत. त्यामुळे मी सारखी थांबायची आणि ते म्हणायचे, "बोला ना वहिनी, पुढे?"

मग मशीननं विचारलं, जुना ड्रायव्हर काढू का. हो असेल तर वाय दाबा. गोविंदभाऊंनी हात मागे घेतला.

"हे तुम्ही दाबा. याच्याचसाठी भांडलो मी, पण आता मले दाबवत नाही."

वाय वरच्या ओळीत आहे, डावीकडून सहावा. मी बोट ठेवलं आणि मला तुमचाच आवाज आला. काढलं, अन् नवं नाही लागलं, तर मंग? न हे, न थे. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की ही विणकराची अक्कल नव्हती नुसती. तुम्ही आयुष्यात जुनं एकदाच काढलं होतं, मला न विचारता. त्यानंतर तुम्ही काही काढलं नाही. बंद घड्याळं नाही, तुटक्या छत्र्या नाही, कधीचे गेलेले रेडिओ नाही. मी तुम्हाला कवाडी म्हणायची.

मी दाबला. माफ करा किंवा करू नका.

पडदा काळा झाला. गोविंदभाऊ म्हणाले, होते असं. मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. किती वेळ गेला माहीत नाही. मग त्यांनी हाक मारली, "वहिनी! लागला! लागला पहा!"

पण चित्र लावलं तर तेच. मशीन घुरघुरायला लागलं, पडदा दाणेदार. गोविंदभाऊ डोकं धरून बसले, "ड्रायव्हर तर लागला. आता काय झालं याले?" मी तुमचं रजिस्टर आणलं. शेवटच्या लिहिलेल्या पानावर तुमच्या मोठ्या अक्षरात होतं: सर्व झाल्यावर आत सेटिंगमध्ये जाऊन कार्डावर टिक करणे. विसरू नये.

जिथे तुम्ही पोचलाच नाहीत तिथलंसुद्धा लिहून ठेवलं होतं. मी वाचलं, त्यांनी टिक केली.

मग घुरघुर थांबली आणि कार्डाचे पंखे फिरू लागले. आधी रवा, मग बारीक रवा, मग मैदा, मग स्वच्छ. दोन चहा होतात तितका वेळ. वर्षभर जे आलं नाही ते तितक्यात आलं.

आपलं जुनं स्वयंपाकघर. धुरानं काळी झालेली भिंत, फळी, खिडकीतून पडलेलं ऊन. फळीवर तो स्टीलचा डबा. बाकी काही नाही. पातळ नाही.

मला इतका राग आला. म्हटलं, म्हणजे मला दाखवायचा होता तो डबा? इतकी वर्षं गिळलेला टोमणा मशीनकडून मारून गेले? मी उठलेच होते. गोविंदभाऊंनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "वहिनी, डब्याच्या पोटात पहा."

डब्याच्या पोटात, स्टीलमध्ये दिसतं तसं फुगलेलं आणि वाकलेलं, खोलीची समोरची बाजू दिसत होती. माग होता. खड्ड्यासकट. लाकडं जागच्या जागी. भिंतीला टांगलेला नक्शा. आणि मागावर माझं पातळ, अर्धं विणलेलं, लाल करवत काठाचं, पुढचं सूत उचलायचं राहिलेलं.

गोविंदभाऊंनी समजावलं की माग आणि पातळ तुम्ही खरंच पूर्ण बनवलं होतं, पण बघणाऱ्याच्या पाठीमागे ठेवलं होतं. ते समोरून दिसणारच नव्हतं. उजेड नीट मोजला गेला तरच डब्यात उमटणार होतं. म्हणून तुम्हाला ते कार्ड पाहिजे होतं.

मला तुमच्याशी भांडायचं आहे. इतकं सरळ बोलता आलं असतं ना. चुकलं माझं, माग काढायला नको होता, विचारायला पाहिजे होतं. तीन वाक्यं. त्यासाठी माणूस वर्षभर कूलर मशीनकडे फिरवतो? आणि मी तरी काय. माझं एकच वाक्य होतं, ते मी पातळ दिसेपर्यंत राखून ठेवलं. तुम्ही सरळ बोलला नाहीत, पण वर्षभर रोज त्यासाठी बसत होता. मी शेजारी बसून पाण्याचं पिंप म्हणून हसत होते.

रविवारी प्रकाश आला. "काढू का आई वायर?"

"नको. नेऊ नको."

"काहून? मंग बिलं?"

"कागदावर लिही. तुह्या बापानं जन्मभर कागदावरच केलं."

तो चित्राकडे पाहून हसला. "हा तर आपलाच डबा आहे ना वं!" पोटातलं त्याला दिसलं नाही. तो तेव्हा चार वर्षांचा होता. मी दाखवलं नाही. ते तुमचं आणि माझं होतं.

तो गेल्यावर मी खुर्चीवर बसले, तुमच्या. मोठ्यानं म्हटलं, मी मुद्दाम दिलं होतं. खोलीत कुणी नव्हतं, तरी कान गरम झाले. मग चष्मा लावून डब्याच्या पोटातला तो काठ बघत राहिले. विणणं जिथे थांबलं आहे तिथली ओळ मला माहीत होती. मी म्हटली. दोन उचल, एक सोड.

आणि थांबले. तुमचा हं आल्याशिवाय मी पुढची ओळ कधी म्हटलेली नाही. अजूनही म्हटलेली नाही.